माझी कुरकुर ऐकणाऱ्या बाई

मित्रांनो, मोठी माणसं माझ्यावर बसली की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकतात आणि ती लगेच उठतात. मी एक जुनी, बुटकी, लाकडी खुर्ची आहे. खास तुमच्या मापाची. एका सुताराने कपाट करून उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं. माझा मागचा डावा पाय खाचेत किंचित सैल बसला, तेव्हा तो बाईंना म्हणाला, "कुरकुरेल जराशी, पण मोडायची नाही." तो शब्दाला जागला.

या बाई म्हणजे माझ्या लेखिकाबाई. तेव्हा त्या लेखिका वगैरे कोणी नव्हत्या. कडेवर लेक, गॅसवर दूध आणि ओट्याच्या कडेला कागद. दूध वर येईपर्यंत दोन ओळी, लेक रडेपर्यंत आणखी एक. दूध उतू गेलं की मी समजायचे, आज गोष्ट रंगली.

गोष्ट पुरी झाली की त्या लेकीला माझ्यावर बसवायच्या आणि वाचून दाखवायच्या. "कशी होती?" म्हणून विचारलं की लेक दर वेळी "छान" म्हणायची. का नाही म्हणणार? छान म्हटलं की आणखी एक गोष्ट मिळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण एकदा वाचता वाचता बाईंच्या कानावर माझी कुरकुर पडली. लेक तोंडाने गप्प होती, पण अंगाने चुळबुळत होती, आणि ती चुळबुळ माझ्या सैल पायातून बाहेर येत होती. बाईंनी तीच जागा पुन्हा वाचली. मी पुन्हा कुरकुरले. त्यांनी पेन्सिल उचलून तेवढ्या ओळींवर काट मारली. तेव्हापासून घरात नियमच झाला: ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, काय ते खुर्ची बोलेल.

पुढे बाईंची पुस्तकं निघाली, त्यांना बक्षिसं मिळाली. मुलांच्या मनातलं तुम्हाला कसं कळतं, असं कोणी विचारलं तर त्या नुसत्या हसायच्या. मला मात्र बक्षिसांपेक्षा वेगळीच ओढ. गोष्ट अर्धी टाकून बाई दूध बघायला उठल्या की माझा जीव टांगणीला लागायचा. पुढे काय झालं असेल?

लेक मोठी झाली, गोष्टी ऐकायला येणारी शेजारची पोरंही मोठी झाली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. डोक्यावर रंगाचे डबे, मांडीवर तुटका पंखा. खालून बाईंचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. फार वाईट दिवस ते. मग एके दिवशी कोणीतरी डबे बाजूला केले, मला पुसलं आणि माझ्यावर एक नवं, ऊबदार ओझं येऊन बसलं. बाईंची नात, ठकी.

बाई आता आजी झाल्या होत्या. डोळ्यांना जाड चष्मा. वाचताना मान वर करणं जमायचं नाही. म्हणून सगळी भिस्त कानांवर, म्हणजे माझ्यावर.

त्याच सुमारास त्यांनी एका पालीची गोष्ट लिहायला घेतली. तिचं तुटलेलं शेपूट उडी मारून कुठेतरी निघून जातं आणि पाल त्याला शोधायला निघते. मित्रांनो, एकटं शेपूट कुठे जात असेल? त्याला रस्ता कसा दिसत असेल? विचार करकरून माझ्या फळ्यांना भेगा पडायची वेळ आली.

इतक्यात ठकीचे बाबा, म्हणजे बाईंचे जावईबापू, मुक्कामाला आले. भला माणूस, पण हाताला स्वस्थता नाही. आधी त्यांनी नळ नीट केला, मग दाराची कडी, आणि शेवटी माझी पाळी. एक लांब स्क्रू त्यांनी माझ्या पायात असा आवळला की मी मुकीच झाले. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. बाईंना मात्र कोणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गोष्ट वाचली. मधे एक म्हातारा बेडूक पालीला धीर धरण्यावर लांबलचक उपदेश करतो. ठकी वळवळली, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कलली. मी जिवाच्या आकांताने कुरकुरू पाहिलं, आवाजच फुटेना. बाई हरखल्या. एवढी निर्दोष गोष्ट आपल्या हातून उतरली नव्हती, असं लेकीला म्हणाल्या आणि ती घेऊन वाचनालयात मुलांपुढे वाचायला गेल्या.

परत आल्या त्या चप्पलसुद्धा न काढता बसल्या. मुलं जांभया देत होती, एकीने तर समोरचीच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या, हे सोबत गेलेल्या लेकीने स्वयंपाकघरात जावईबापूंना हळूच सांगितलं. बाईंनी कागद गुंडाळून दोरी बांधली.

"बास झालं. आता मला मुलं कळत नाहीत."

ठकी माझ्यावरच बसली होती. म्हणाली, "आजी, मला पण बेडकाचा कंटाळा आला होता."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलायचं नसतं ना! मी हलले होते की. ही मेलीच गप्प बसली."

बाई उठल्या. माझ्याजवळ वाकल्या, मला पुढेमागे हलवून पाहिलं. मग स्क्रूवर बोट टेकवलं आणि हाक मारली, "जावईबापू, काम झकास केलंत. आता तेवढं बिघडवून द्या."

बिचारे कानापर्यंत लाल झाले. पण स्क्रू निघाला.

दोरी सुटली. वाचन पुन्हा सुरू झालं. बेडूक आला आणि मी मन भरून कुरकुरले. बाईंनी पेन्सिलीने बेडकाला तळ्यात बुडवलं. पाल आता भिंतीमागून भिंत ओलांडत निघाली. शेवटच्या भिंतीवर तिला आपलं शेपूट दिसलं. हाक मारणार तोच तिला जाणवलं, आपल्या पाठीमागे काहीतरी वळवळतंय. नवं शेपूट!

ठकीने श्वास रोखला होता. माझा पाय सैल होता, आवाज मोकळा होता, तरी घरात कुरकुर नव्हती. अशी शांतता कुठल्याही स्क्रूने येत नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची निगा राखा. आम्हाला पुसा, पावसात टाकू नका, माळ्यावर विसरू नका. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी एकदा विचारा, हा आवाज इथे कोणी ऐकतं का? आणि कोणी गोष्ट सांगताना कंटाळा आलाच, तर खुशाल चुळबुळा. आतल्या खोलीत एक आजी पेन्सिल घेऊन बसली आहे. पालीचं ते पहिलं शेपूट पुढे कुठे गेलं, ते तिने अजून लिहिलेलं नाही.