कॅमेऱ्यावरची टिकली

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवासराव रोज सकाळी, लोकांचं दूध तापायच्या आत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंटरनेटच्या बातम्या टाकतात. कुठल्या शहरात कुणाला कसं गंडवलं, कुठलं ॲप घेऊ नये, पासवर्डात नातवाचं नाव का घालू नये, आणि खाली ठळक अक्षरांत 'आजची खबरदारी'. गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले, सूचना देण्यातून काही झाले नाहीत. बाकीची मंडळी न वाचताच हात जोडल्याची चित्रं पाठवतात. मी मात्र सगळं वाचते, कारण मला वाचणं भाग आहे.

भाग अशासाठी, की हे गेल्यापासून धायरीतल्या या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते आणि बंगळूरला असलेल्या माझ्या मुलीला, स्पृहाला, ते मान्य नाही. "आई, बँकेचं सगळं तू त्या लॅपटॉपवर करतेस, आणि कुणी जरा दरडावून बोललं की तुझे हातपाय गळतात. एकदा जरी काही गडबड झाली ना, तर फ्लॅट भाड्याने देऊन तुला इकडे आणणार. मग चर्चा नाही." तिचं चुकत होतं असं नाही. पण तिच्या त्या उंच इमारतीत मी करणार काय? इथं खिडकीतून सिंहगडावरचा टॉवर दिसतो, भाजीवाली मला न विचारता मेथीच्या जुड्या बाजूला काढून ठेवते, आणि या घराच्या फरशीचा रंग आम्ही दोघांनी आठवडाभर भांडून ठरवला होता. मला इथंच राहायचं होतं. दुसरं काही मागणंच नव्हतं माझं, आणि तेवढंही एका चुकीवर लटकलेलं होतं.

एक दिवस खबरदारी आली: 'लॅपटॉपचा कॅमेरा वापरात नसेल तेव्हा झाकून ठेवावा. आपल्याला न दिसणारी व्यक्ती आपल्याला पाहत असू शकते.' वाचून अंगावर काटाच आला. लगेच चिकटपट्टी शोधायला ड्रॉवर उघडला, तर चिकटपट्टी कुठली सापडायला, सापडलं टिकल्यांचं पाकीट. तुळशीबागेतून आणलेल्या मरून टिकल्या. हे गेल्यावर मी टिकली लावणं सोडलं होतं. लावू नको असं मला कुणी म्हटलं नव्हतं, आमच्याकडे तसलं काही नाही. पण लाव असंही कुणी म्हटलं नाही, आणि सकाळी आरशासमोर उभं राहायचाच मला कंटाळा यायला लागला होता. त्यातली एक काढून कॅमेऱ्यावर लावली, ती अगदी मापात बसली. लॅपटॉप कसा हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसू लागला, आणि बऱ्याच दिवसांनी माझं मलाच हसू आलं.

रविवारी स्पृहाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा टिकली काढून टेबलाच्या कडेला चिकटवली आणि कॉल घेतला. हे टेबल आमच्या बेडरूममध्ये आहे, मागे पलंग आणि त्यापलीकडे खिडकी. बोलता बोलता स्पृहा थांबली.

"आई, टिकली लावलीस? किती छान दिसतेस गं!"

मी कपाळाला हात लावला. कपाळ मोकळंच होतं. पण पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, जिथं आपण आपल्यालाच दिसतो, तिथं माझ्या कपाळावर टिकली होती. चिकट डाग राहिला असेल म्हणून मी कॅमेऱ्याची काच पदराने पुसली. डाग असता तर एका जागी राहिला असता. मी डावीकडे कलले तशी टिकलीही कलली. स्पृहाला काही बोलले नाही. बोलून काय, आईला भास व्हायला लागले म्हणून तिने त्याच दिवशी तिकीट काढलं असतं.

मग मला नादच लागला म्हणा ना. दुपारी कामं आवरली, की टिकली काढायची, कॅमेरा लावायचा आणि बघत बसायचं. चौकटीतली बाई मीच होते, साडीही तीच. पण तिचे केस नीट विंचरलेले असत, पाठ ताठ असे, आणि मी पोक काढून बसले तरी तिची पाठ वाकत नसे. एकदा मी यांची आठवण येऊन डोळे पुसले. तिचे हात मांडीवर होते, तसेच राहिले. भीती वाटली का? वाटली तर! पण त्याहून जास्त मला तिचा राग आला. एवढं नीटनेटकं राहायला जमतं कसं हिला, माझ्याच घरात बसून?

शेवटी श्रीनिवासरावांना बोलावलं. लॅपटॉपला काही रोग लागलाय का बघा, म्हटलं. त्यांनी चष्मा वर-खाली करत सगळं तपासलं, व्हायरस नाही, फिल्टर नाही, कॅमेरा ठीक. स्वतः समोर बसून पाहिलं, तर ते होते तसेच दिसले, दुर्दैवाने. मग मला बसायला सांगितलं आणि ते माझ्यामागे उभे राहिले. एकदा पडद्याकडे पाहत, एकदा माझ्याकडे.

"काही बिघाड आहे का हो?" मी विचारलं.

"यंत्रात नाही, वहिनी," असं म्हणून ते चहा अर्धा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बातम्या आल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी टेबलापाशीच गवार मोडत बसले होते आणि लॅपटॉपवर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल आला. अनोळखी नंबरचा कॉल घेऊ नये हे मला पाठ आहे, पण स्पृहाने नवा नंबर घेतला असेल असं मनात आलं आणि हात पुढे गेला. समोर खाकी वर्दीतला माणूस, मागे झेंडा. माझं पूर्ण नाव घेऊन तो हिंदीत ओरडायलाच लागला. माझ्या नावाच्या पार्सलमध्ये काहीतरी भयंकर सापडलं होतं, मी डिजिटल अटकेत होते, कुणाशी बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. "कॅमेरा खोलो!" तो गरजला. मी टिकली काढली.

डिजिटल अटक असा प्रकारच कायद्यात नाही, हे श्रीनिवासरावांनी किती वेळा लिहिलं असेल! मी इतरांना समजावून सांगितलेलं आहे. पण वर्दीतला माणूस आपल्या नावाने ओरडतो तेव्हा वाचलेलं काही कामाला येत नाही. बँकेचा मेसेज येईल, त्यातला नंबर वाच, म्हणजे चौकशी संपेल, असं तो म्हणाला. मेसेज आला. मी फोन हातात घेतला, डोळ्यांपुढे आकडे नाचत होते. हे सगळं संपू दे, एवढंच मला वाटत होतं.

वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यातल्या चौकटीकडे गेलं. तिच्या हातात फोन नव्हता. ती त्या माणसाकडे सरळ बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. माझे मिटलेले होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं. त्याचं ओरडणं थांबलं. तो ऐकत राहिला, शाळेतलं पोर ऐकतं तसं मान खाली घालून. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. तिशीच्याही आतला असेल. इतका वेळ हिंदीत बोलणारा तो माणूस मराठीत म्हणाला, "नाही करणार, मावशी." आणि कॉल बंद झाला.

गवारीच्या शेंगा जमिनीवर पसरल्या होत्या, त्या तशाच ठेवून मी मागे पलंगावर जाऊन बसले, खिडकीकडे तोंड करून, आणि पदर तोंडात कोंबून रडले. फसले नव्हते, पण फसणारच होते ना! स्पृहा म्हणत होती ते खरंच होतं. यांच्यानंतर आपल्यात काही उरलेलंच नाही, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं, आणि त्याचं इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. रडणं ओसरल्यावर तोंड धुतलं. बँकेला फोन करून खातं बंद करायला लावलं, सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. मग राहिला एकच फोन. न सांगता दडपून टाकता आलं असतं, स्पृहाला कळलंही नसतं. पण असं काही लपवून या घरात मला राहायचं नव्हतं. गेलं तर जाऊ दे, म्हटलं, आणि तिला फोन लावला.

"स्पृहा, ऐक. मला आज एक कॉल आला होता. मी फसता फसता..."

"अगं आई, मघाशीच सगळं सांगितलंस की! व्हिडिओवर."

मी खुर्चीचा हात धरला. "काय सांगितलं मी?"

"हेच. तो वर्दीवाला, बँकेचा नंबर. आणि म्हणालीस, मी घाबरले होते, पण घाबरून घर सोडणार नाही." ती पुढे म्हणाली, "इतकी शांत बोललीस ना, आई. मला बाबा होते तेव्हाची तू आठवलीस. मी विषय संपवलाय. तू तिथंच राहा. दिवाळीला मीच येते."

घर राहिलं होतं. खिडकीतून गडावरचा टॉवर उन्हात लख्ख दिसत होता, आणि मला हसू येत होतं, खरोखरचं.

"फक्त एक सांग," स्पृहा म्हणाली. "तुझ्या मागे पलंगावर त्या कोण बाई बसल्या होत्या? पाठमोऱ्या? किती रडत होत्या गं. मी विचारलं, तर तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालीस, 'रडू दे तिला. होईल आता बरी.'"