गोधडी सोडा!

हळदा घाट उतरता उतरता गाडीचे ब्रेक तापले, म्हणून वासिफनं ती सोयगावच्या अलीकडे एका वस्तीपाशी लिंबाखाली लावली. नवरा-बायको जळगावला निघाले होते. सुमय्या औरंगाबादेत बायकांना पोहायला शिकवायची. पण दुष्काळाचं तिसरं साल, त्यात शहर चारी अंगांनी वाढलेलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तिथं तरणतलाव कोण भरणार? त्याला कुलूप लागलं. उद्या जळगावच्या कापड दुकानात तिची मुलाखत होती.

"ब्रेक थंड होईतो इथला धबधबा बघून येऊ," वासिफ म्हणाला.

"भर ऑगस्टात नदी कोरडी, कसला धबधबा!" सुमय्या कुरकुरली, पण निघाली.

वस्तीमागची घळ मात्र खोल होती. दोन्ही बाजूंनी काळे कातळ सरळ उभे आणि त्यावरून पाण्याची जेमतेम बोटभर धार. खाली त्या धारेनं भरलेलं हिरवंगार कुंड. काठावर सात-आठ बायका धुणं धूत होत्या. इतकं पाणी सुमय्यानं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती नुसती बघत उभी राहिली.

तेवढ्यात किंकाळी उठली. कडूबाई नावाच्या बाईनं गोधडी बुडवली होती. भिजून जड झालेल्या गोधडीनं तिलाच आत ओढलं. बायका ओरडत होत्या, उतरत कुणीच नव्हतं. सुमय्यानं ओढणी फेकली आणि उडी घेतली.

"गोधडी सोडा! आधी गोधडी सोडा!"

कडूबाई सोडेना. सुमय्यानं मागून तिच्या काखेत हात घातला, गोधडी हिसकून सोडवली आणि तिला उताणी धरून काठाला आणलं. वासिफनं वर ओढून घेतलं. पाणी ओकून झाल्यावर कडूबाई पहिलं बोलली ते, "माझी गोधडी!"

सगळ्या हसल्या, मग दोघी-तिघी रडल्या. मुक्ताबाई नावाची म्हातारी मात्र पुढं आली. म्हणाली, "गेल्या साली माझी जाऊ हितंच गेली. आमी समद्या काठावर हुतो बघ. एकीलाबी उतरता आलं नाय." तिनं सुमय्याचा ओला हात धरला. "आमाला शिकवशील का गं पोरी?"

"आत्ता? लुगड्यावर?"

"मी तर भिजलेच हाय," कडूबाई म्हणाली.

सुमय्यानं वासिफकडं पाहिलं. तो म्हणाला, "गाडी अजून लई तापलेली आहे," आणि वर जाऊन बसला.

त्या दुपारी उथळ कडेला, पाणी न्यायला आणलेले रिकामे कॅन पोटाखाली घेऊन, बायकांनी पाण्यात तोंड बुडवायला शिकून घेतलं. मुक्ताबाई सर्वांत आधी तरंगली. आकाशाकडं तोंड करून पडली आणि कितीतरी वेळ उठेचना.

जळगावची नोकरी सुमय्यानं धरली, मात्र रविवारची सुट्टी मागून घेऊन. दर रविवारी ती एसटीनं यायची. फेब्रुवारीत कुंड आटलं, तोवर पाच जणी या काठावरून त्या काठाला जाऊ लागल्या होत्या.

पुढल्या पावसाळ्यात एका सकाळी दुकानात फोन आला. पलीकडून पाण्याचा एवढा आवाज येत होता, की मुक्ताबाईला ओरडावं लागत होतं.

"धबधबा लई जोरात हाय! आठ दिस कुंडात उतरायचं नाय म्हनून समद्यांना बजावलंय. पर नव्या सहा जणी नावं सांगून गेल्या. जोर वसरला की येतीस का?"

"येते!" सुमय्याही ओरडली. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली.