बोंबलाच्या जोडीचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. देवाने मला नाक दिलेलं नाही, तरी नाक मुरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझी हकिगत ऐकून तुम्हालाही थोडी किळस आली, तर मला बरंच वाटेल.

कुठल्याशा कारखान्यात पातळ फळ्या चिकटवून मला घडवलं आणि पालघरच्या एका दुकानात काचेमागे उभं केलं. कमलेश नावाच्या मुलाने हट्ट करून मला घरी नेलं, थोडे दिवस छेडलं आणि कपाटावर टाकून दिलं. तिथे पालीने माझ्या पोटात अंडी घातली. त्या दिवसांबद्दल याहून जास्त मी बोलणार नाही.

पुढे मला चिरागने घेतलं. चिराग सातपाटीच्या कोळीवाड्यातला. तारापूरला एका रंगाच्या कंपनीत तो कामाला होता आणि बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याची बोटं कधी निळी असायची, कधी पिवळी, आणि कितीही धुतली तरी उग्र वास मारायची. खोलीतला त्याचा सोबती प्रताप गुटख्याच्या रिकाम्या पुड्या माझ्या पोटात कोंबायचा आणि वर म्हणायचा, "यार, कुछ खुशी का बजा!" चिरागला मात्र रडक्याच चाली सुचायच्या. पण शिफ्टवरून आला की तो आधी मला पुसायचा. तेवढ्यासाठी मी त्याचं सगळं सहन केलं.

सुट्टीला तो मला घेऊन सातपाटीला जायचा. तिथे जागृती होती. ती आणि तिची आई विजया बोंबील सुकवायच्या. बांबूंच्या उंच मांडवावर, ज्याला तिथे वलांडी म्हणतात, बोंबलांच्या रांगाच रांगा लटकलेल्या असत. त्या दर्पाने माझ्या तारा आखडायच्या. माश्यांबद्दल तर विचारूच नका.

एकदा जागृतीने दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टांगली.

"एकट्याला टांगला तर वाऱ्याने पडतो," ती म्हणाली. "जोडी नाय पडत. सगळं पाणी आटलं तरी सुटत नाय. मग पावसात होड्या बंद झाल्या का आमी हेच खातो. तू नि मी असंच टिकायचं हाय, कळलं?"

चिरागने तिथेच, मासळीच्या पाट्यांमध्ये बसून गाणं रचलं:

तोंडात तोंड गुंतवून उन्हात आपण दोघे,
पाणी सारे आटून गेले, तरी सुटलो नाही गं.

चाल अर्थातच रडकी. पण खरं सांगते, इतकं चांगलं माझ्यावर कुणी कधी वाजवलं नव्हतं. त्या दिवशी मी दर्पही विसरले.

ते गाणं मोबाइलवर पसरलं आणि जो तो त्याचा अर्थ लावू लागला. कुणाला त्यात चुंबन दिसलं. कुणी म्हणालं, दोन प्रेमिकांनी गळफास घेतला आहे. एकाने तर त्यात वाळवंट आणि परमेश्वर शोधला. मला शिसारी आली. वर्षभर ताटात सुके बोंबील चापणाऱ्या या लोकांना दोरीवरचा बोंबील ओळखू येऊ नये?

मग पालघरच्या एका सभागृहात चिरागचा कार्यक्रम ठरला. विजयाने अजून लग्नाला होकार दिला नव्हता. "कंपनीतला पोरगा, उद्या आपल्या वासाची लाज वाटंल त्याला," असं तिचं म्हणणं. शेवटी ती जागृतीला म्हणाली, "गाण्यात बोंबील हाय ना? मग चार लोकांत तो बोंबील म्हणतो का बगते. म्हटला, तर माझा होकार." आणि ठेवणीतलं लुगडं नेसून ती खरोखर आली. समोरच बसली. चिरागला हे सगळं ठाऊक होतं.

रंगमंचामागे केदार नावाच्या आयोजकाने मला हुंगलं. "अहो, केवढा हा वास!" म्हणत त्याने माझ्या पोटात भसाभस सेंट मारलं. सुकी मासळी, रंग आणि गुलाब! पालीची अंडी परवडली असती.

गाण्याआधी निवेदिकेने विचारलं, "या सुंदर ओळीमागचा अर्थ सांगाल का?"

चिरागने समोर पाहिलं. विजया पुढे सरकून बसली होती.

"शिरगावच्या किल्ल्यावर," तो म्हणाला, "मुंबईची एक मुलगी भेटली होती. ते आमचं पहिलं चुंबन."

शिट्ट्या पडल्या. मला ओकारी येत असती, तर तिथेच झाली असती. विजया उठली आणि चालू लागली.

कार्यक्रम संपल्यावर जागृती मागे आली. तिचे डोळे कोरडे होते.

"बोंबील का नाय म्हटलास?"

"लोक हसले असते गं."

"हसू दे की. मी पण हसले असते, तुझ्या बाजूला उभी राहून." ती दाराकडे वळली. "आय बाहेर वाट बघते हाय. जाते मी."

ती गेली ती पुन्हा आली नाही. चिराग अजून तेच गाणं गातो, आणि आता गाताना त्याचा आवाज खरंच कातर होतो. लोक म्हणतात, काय दर्द आहे! पुढे कुणी अर्थ विचारला की किल्ल्यावरची ती मुलगी दर वेळी थोडी अधिक गोरी होते. वाजवून झालं की तो मला न पुसताच ठेवतो. बोटांचा घाम तारांवर वाळतो, त्यांना गंज चढतो. गंजापेक्षाही मला त्या गोऱ्या मुलीचा वीट आला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी वाद्य असेल तर त्याच्या तारा पुसत जा, त्याला दमट भिंतीला टेकवू नका. आणि कधी तुम्ही गाणं केलंत आणि कुणी त्याचा अर्थ विचारला, तर जे असेल तेच सांगा, मग त्याला कसलाही वास येवो. समोर कुणीतरी ठेवणीतलं लुगडं नेसून तेवढा एक शब्द ऐकायला आलेलं असतं.