रिकाम्या खुर्चीची काजळी

कामगार सभागृहाच्या सगळ्या खिडक्या चिकटपट्टी लावून बंद केल्या होत्या आणि आत तीनशे माणसं श्वास घ्यायला शिकत होती. जन्मापासून सगळ्यांना तो येतच होता, पण श्वासगुरूंनी सांगितलं की तो चुकीचा येतो, आणि तीनशे माना डोलल्या.

व्यासपीठावर एक खुर्ची, तिच्यापुढे तिवईवर काचेचा मोठा दिवा, आणि बाजूला पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या ताटल्यांची चळत. खुर्चीत एक ट्रकचालक बसला. त्याने ज्योतीकडे तीनदा फुंकलं. गुरूंनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि ताटली ज्योतीवर धरली. मिनिटभराने ती उलटी करून दाखवली. काळीकुट्ट!

"बघा," गुरू म्हणाले. "सरकार बाहेरची घाण काढेल तेव्हा काढेल. मी आतली आत्ता काढतो. डॉक्टर छातीचा फोटो काढतात. मी छातीच काढतो, धुतो, आणि परत देतो."

मग त्यांनी ट्रकचालकाच्या पाठीवर तीन थापा मारल्या, दिव्याला नमस्कार केला आणि दुसरी ताटली ज्योतीपासून वीतभर वर धरली. ती पांढरीच राहिली. ट्रकचालक रडायला लागला. बायका हात जोडून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या रांगेत धूळमास्तर बसला होता. हे नाव त्याला वस्तीने दिलेलं. तो मास्तर नव्हता. शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र होतं. रोज सकाळी तिथे चढायचं, यंत्रातला कालचा कागद चिमट्याने उचलायचा, नवा ठेवायचा आणि जुना वजनाला प्रयोगशाळेत न्यायचा, एवढंच त्याचं काम. अकरा वर्षं तो धूळ तोलत होता, आणि वस्ती त्याची टर उडवत होती. "काय मास्तर, आज किती भरली?"

आज तो आला होता ते ताईसाठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि त्याच्यासाठी वीस वर्षं पिठाच्या गिरणीत उभी राहिली. तिला दमा. नऊ दिवसांपूर्वी तिने औषधाचा पंप बंद केला होता. गुरू म्हणाले होते, पंपाने मळ आत दाबला जातो. त्याऐवजी गुरूंचा दिवा विकत घेऊन घरी न्यायचा, दारं-खिडक्या घट्ट लावायच्या म्हणजे बाहेरचा धूर आत येणार नाही, आणि तासभर दिव्यापुढे बसून फुंकायचं. ताटली जितकी काळी, तितका मळ गेला. आता वस्तीत बायका सकाळी एकमेकींना ताटल्या दाखवायच्या. "आमच्या ह्यांची बघा किती काळी निघाली!" ज्याची ताटली फिकी, तो दिव्यापुढे दोन तास बसायचा.

मास्तर बोलून थकला होता. रात्री ताईची छाती वाजायची, आणि तो भिंतीपलीकडे नुसता ऐकत पडायचा. शेवटी ती म्हणाली होती, "एकदा येऊन बघ, मग बोल."

म्हणून तो बघत होता. दोन गोष्टी त्याच्या नजरेत भरल्या. यंत्र दिवस-रात्र अख्ख्या घरात मावेल एवढी हवा ओढतं तेव्हा कुठे त्याचा कागद राखाडी होतो. इथे तीन फुंकरांत डांबर? आणि दुसरं, नमस्कार करताना गुरूंचा अंगठा दर वेळी दिव्याच्या वात फिरवायच्या चावीवर टेकत होता.

तो उठला. ताईने सदरा धरला, तो सोडवून व्यासपीठावर गेला.

"गुरुजी, एकाचा मळ काढायचा राहिलाय."

"कोणाचा, बाळा?"

"या खुर्चीचा."

खुर्ची रिकामी होती. गुरू काही बोलायच्या आत त्याने चावी फिरवून वात वर केली, कोरी ताटली उचलून ज्योतीत धरली आणि मनातल्या मनात साठ मोजले. मग लोकांकडे वळवली. तीही काळीकुट्ट.

"कोणी फुंकलं नाही, कोणी बसलं नाही. मग ही कोणाची छाती?" मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. "वात वर असली की तेल अर्धवट जळतं. न जळलेला कोळसा धुरात राहतो आणि थंड ताटलीवर चिकटतो. आता बघा." त्याने वात खाली केली, दुसरी ताटली गुरूंसारखीच ज्योतीपासून वीतभर वर धरली. पांढरी. "एवढाच चमत्कार. ही काजळी तुमच्या छातीतून दिव्याकडे जात नाही. दिव्यातून तुमच्या छातीत येते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे तर औषधच रोग आहे."

लोक माना उंचावून ताटल्या बघू लागले. मास्तरला वाटलं, झालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा लोक त्याचं ऐकत होते.

गुरू मंद हसले. "या खुर्चीत सकाळपासून चाळीस जण बसले. त्यांचा मळ खुर्चीत राहणार नाही तर कुठे जाणार?"

आणि तीनशे माणसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कोणीतरी टाळी वाजवली. ट्रकचालक ओरडला, "खाली बसा मास्तर, लोकांचे नंबर खोळंबलेत." मास्तर हातात दोन ताटल्या घेऊन उभाच राहिला. डोळ्यांसमोर धरलेलं माणसाला दिसत नाही, तर आणखी काय धरावं, हे त्याला खरोखर कळेना. इतकं हतबल त्याला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खोकला ऐकू आला. तो त्याला भिंतीपलीकडूनही ओळखू यायचा.

त्याने ताईला धरून बाहेर पायऱ्यांवर आणलं. ती गुडघ्यांवर हात टेकून हवा ओढत होती, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. त्याने खिशातून तिचा पंप काढून तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली.

"नऊ दिवस... वाया जातील."

जबरदस्ती करणार कशी? ज्या बाईने त्याला घास भरवले, तिच्या तोंडात तो काय कोंबणार? तो पंप हातात घेऊन बसून राहिला.

तिने धापा टाकतच विचारलं, "मग माझं काळं... दिव्याचंच?"

"दिव्याचंच."

"आणि खरं काळं कुठलं?"

"ते एका ठिकाणचं नाही, ताई. काही कारखान्याच्या धुराड्यातून तयारच निघतं, काजळी, राख, गंधकाचा वायू. काही ट्रकच्या नळीतून, काही चुलीतून, जळत्या कचऱ्यातून. वादळाची धूळ आणि फुलांचे परागही त्यात असतात, ती निसर्गाची देणगी. कण असतील तर माझ्या कागदावर सापडतात. वायू कागदातून आरपार जातात, त्यांना दुसरं यंत्र लागतं. आणि काही तर कोणी सोडतच नाही. गाड्यांचे वायू उन्हात एकमेकांत मिसळतात आणि हवेतच ओझोन तयार होतो. त्याला रंग नाही, धूर नाही. तो कुठल्या ताटलीवर दिसायचा?"

"पंपाने जातं ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही. पंप श्वासाची नळी मोकळी करतो, बाकी काही नाही."

"मग ते काढतं कोण?"

"छातीतून कोणी नाही काढत. जिथून निघतं तिथेच अडवावं लागतं."

"तू अकरा वर्षं मोजतोयस. अडलं?"

समोर रस्त्यावरून ट्रक चालले होते. "नाही," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. मग पंप घेतला, हलवला, श्वास सोडला आणि खोल ओढून घेतला. दोनदा.

"तू 'नाही' म्हणालास ना, म्हणून घेते," ती म्हणाली. "आतला तो एकदाही 'नाही' म्हणाला नाही."

मास्तरचे डोळे भरून आले. पण त्याने तिची छाती बरी केली नव्हती, आणि हवाही साफ केली नव्हती.

आत एकेचाळिसावा माणूस खुर्चीत बसला असेल. लोकांना मूर्ख म्हणून आपण मोकळे होऊ नये. ज्याला श्वास पुरत नाही, तो काडीचाही आधार धरतो, आणि त्याला दिवा विकणारा मूर्ख नसतो, लबाड असतो. म्हणून एवढंच करा. कोणी तुम्हाला काळी ताटली दाखवली तर तीच करामत रिकाम्या खुर्चीवर करायला सांगा, आणि वातीच्या चावीवर कोणाचा अंगठा आहे ते बघा. डॉक्टरने दिलेलं औषध कोणाच्या शब्दावर बंद करू नका. आणि ज्या धुराने तुमची छाती खरोखर भरते आहे, तो कुठून निघतो हे विचारायला तीनशे जण मिळून जा. एकटा धूळमास्तर जाऊन आला आहे, वर्षाला एक अर्ज याप्रमाणे अकरा वेळा, आणि त्याला अजून उत्तर आलेलं नाही.