त्याचंच ऑइल

ब्रेकचं पेडल लेकीच्या पायाखाली गेलं ते थेट तळाला टेकलं आणि म्हातारा थांबलाच नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तळ. चिखलात पाय जावा तसं मऊ, कसला म्हणून विरोध नाही.

म्हातारा म्हणजे त्यांचा खोदाईचा ट्रॅक्टर. पुढे माती उचलायची बकेट, मागे खड्डा खणायचा लांब हात, आणि वय विचारण्याची सोय नाही. तो पहिल्या गिअरमध्ये असूनही उतार त्याला खाली ओढत होता. उतार संपतो तिथे बाबा उभे होते. पाठीशी दगडी भिंत, एक हात गळ्यात बांधलेला आणि दुसऱ्या हाताची तिला खूण, ये, अजून ये.

इथेच गोष्ट अडवून धरली म्हणून हव्या तर शिव्या द्या, पण आधीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बाबा म्हाताऱ्याला कोणाला हात लावू देत नसत. एकदाच लावू दिला होता, धाकट्या भावाला, म्हणजे काकाला, ऑइल-पाण्यापासून चालवण्यापर्यंत. काकानं म्हाताऱ्याला सरळ झाडावर नेऊन आदळलं. स्वतःचा पाय कायमचा ताठ करून घेतला. “मी ब्रेक मारला होता,” असं तो दवाखान्यातल्या खाटेवरून सगळ्यांना सांगत राहिला, आणि कोणीही विश्वास ठेवला नाही. “घाबरला आणि ब्रेक मारायचं विसरला,” असा बाबांनी निकाल देऊन टाकला. पुढचा भाग इतका चेपला होता की मिस्त्रीनं ब्रेकसकट सगळंच काढून नवं बसवलं आणि विषय मिटला. मिटला तो बाबांपुरता. काका घर सोडून गेला. मागे त्याचं नाव उरलं ते थट्टेपुरतं. कोणाचं दूध उतू गेलं, कोणाची चावी आत राहून दार लागलं, की घरात सगळे म्हणायचे, “झाला काकाचा ब्रेक!” लेकही म्हणायची. लहानपणापासून ऐकलेलं, त्यात काही वाईट आहे असं तिच्या मनातही कधी आलं नाही.

मग बाबांचा खांदा निखळला. हातात आलेलं काम सोडवेना, म्हणून नाइलाजानं म्हातारा लेकीच्या हाती आला. नाइलाज बाबांचा. ती मनातून हरखली होती. आधी सगळी ऑइलं बदलायची ठरली. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले.

“इंजिनला घट्ट ऑइल. पातळ त्याच्या अंगी लागत नाही, सगळं खालून गाळून टाकतो.”

“आणि गिअरला?”

“गिअरचं वेगळं. वास घेतलास की नाक मुरडलं पाहिजे, तेच ते.”

“रेडिएटरमध्ये पाणी?”

“कूलंट! नुसतं नळाचं पाणी ओतशील तर आतून गंजेल बिचारा. आणि हायड्रॉलिकचं ऑइल भरपूर आण, बकेट उचलतो ती त्याच्याच जोरावर.”

“आणि ब्रेकला?”

“ब्रेकला त्याचंच टाक. दुसरं काही ओतलंस तर जीव घेशील कोणाचा तरी.”

ती ऑइलच्या दुकानात गेली. बाकीचे डबे घेतले आणि शेवटी म्हणाली, “ब्रेक ऑइल द्या.” दुकानदारानं सीलबंद बाटली काढून दिली. कुठल्या गाडीसाठी, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ब्रेकला ब्रेकचं ऑइल, यात विचारायचं काय? घरी येऊन तिनं ब्रेकच्या छोट्या भांड्याचं तोंड स्वच्छ फडक्यानं पुसलं, एक कण आत जाऊ दिला नाही आणि बाटली ओतली. सुरुवातीला ब्रेक झकास लागत होता. बाबाही खूश होते.

आणि आता हा उतार.

तिनं हँडब्रेक ओढला. तो पहिल्यापासून नावापुरताच. “बाजूला व्हा! बाबा!” ती जीव तोडून ओरडली, पण म्हाताऱ्याच्या धडधडाटात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. बाबा तसूभरही हलले नाहीत. हात तसाच, ये, अजून ये. लेक वेळेवर थांबवणार याची त्यांना इतकी खात्री होती. त्या खात्रीचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तिनं बकेटचा लिव्हर ढकलला. बकेट धाडकन खाली आपटली, दात जमिनीत रुतले, मागची चाकं उचलल्यासारखी झाली आणि स्टिअरिंग तिच्या छातीवर बसलं. म्हातारा थांबला, इंजिनही बंद पडलं. बकेट आणि बाबांचं पोट यांच्यामध्ये जेमतेम हात शिरेल एवढी जागा उरली होती.

ती खाली उतरली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि खूण करणारा हात अजून हवेतच होता.

“ब्रेक... ब्रेक मारायचा नाही का गं?”

“मी ब्रेक मारला होता,” ती म्हणाली.

दोघांनीही ते वाक्य ऐकलं. ते घरात आधी कोण बोललं होतं, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

बाबा एका हातानं धरत वर चढले. पेडल हातानं दाबलं. ते मुकाट तळाला गेलं. त्यांनी भांड्याचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं. झाकणाच्या आतलं रबर फुगून बुळबुळीत झालं होतं.

“हे काय टाकलंस?”

“ब्रेक ऑइल.”

“ब्रेक ऑइल? याला?”

“तुम्हीच म्हणालात ना, ब्रेकला त्याचंच टाक म्हणून!”

“अगं, त्याचं म्हणजे म्हाताऱ्याचं! बकेट उचलतो ते, हायड्रॉलिकचं! याच्या ब्रेकला तेच लागतं. हे गाड्यांचं ब्रेक ऑइल म्हणजे याच्या रबरांना विष आहे, विष!”

“मला वाटलं, त्याचं म्हणजे ब्रेकचं.”

बाबांनी आणखी काहीतरी ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग ते म्हाताऱ्याच्या पायरीवर मटकन बसले. लेकीला वाटलं, चक्कर आली. ती पाणी आणायला वळली, तर त्यांनी तिचा हात धरला.

“फोन लाव,” ते म्हणाले. “काकाला.”

“आत्ता?”

“लाव म्हणतो ना.”

काकानं बऱ्याच वेळानं उचलला. लेकीनं फोन बाबांच्या कानाशी धरला. काकाचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू येत होता.

“काय झालं? कोण गेलं?” इतक्या वर्षांनी भावाचा फोन आल्यावर माणूस दुसरं काय विचारणार!

“कोणी नाही. एक सांग. तेव्हा म्हाताऱ्याच्या ब्रेकमध्ये तू काय ओतलं होतंस?”

“हे काय आता नवीन काढलंस?”

“सांग रे!”

“तूच सांगितलं होतंस ते. त्याचंच. दुकानातून नवी सीलबंद बाटली आणली होती. का?”

बाबांनी डोळे मिटले. भिंतीला पाठ लावून बकेटची वाट बघतानाही ते असे दिसले नव्हते.

“तू ब्रेक मारला होतास,” ते म्हणाले, आणि लेकीदेखत ढसाढसा रडू लागले.