ड्रम सप्त्याला गेले

कौठाळीत माणसाला ताप आला तर चालायचा, पण तो नळाच्या दिवशी येऊन चालायचा नाही. जळकोट रस्त्यावरच्या या गावाला आठवड्यातून एकदा पाणी सुटायचं, आणि त्या दिवशी साखरपुडा असो की जमिनीची मोजणी, सगळं मागंपुढं व्हायचं. साखराबाईंनी तर बिलोलीला दिलेल्या धाकट्या बहिणीच्या, विमलच्या, मुलाचं लग्न नळापायी चुकवलं होतं. तिकडं अक्षता पडत होत्या आणि इकडं बाई ड्रम भरत होत्या.

अशा साखराबाईंना सून मिळाली ती नगरपंचायतीतली पाणीपुरवठा अभियंता.

वर्षाराणीनं हातापाया पडून, भांडून, जुनी गळकी पाइपलाइन बदलून घेतली आणि तीन नंबरच्या वॉर्डात रोज सकाळी पाणी सोडायचं मंजूर करून घेतलं. घरोघरी नळांना तोट्या बसवल्या, कारण आजवर तिथं तोटीची कुणाला गरजच पडली नव्हती. पाणी असलं तरी नळ उघडा आणि नसलं तरी उघडाच. कागदावर टाकीचं पाणी अख्ख्या वॉर्डाला पुरून उरत होतं. पण कागदाला साखराबाई कुठं ठाऊक होत्या.

पहिल्या सकाळी बाईंनी सगळे ड्रम भरले. दुसऱ्या सकाळी नळ आले तसे कालचे ड्रम गल्लीत ओतून दिले आणि पुन्हा काठोकाठ भरले. वर कुकर भरला, डबे भरले, चहाचं पातेलंही सोडलं नाही.

"मामी, कालचं पाणी चांगलं होतं की," वर्षाराणी म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची.

"ताजं यायलंय अन् शिळं पाणी प्यायचं का?"

"उद्याबी येणार हाय."

"उद्याचं कुणी बघितलंय? न्हाई आलं तर तुझं हापिस घागर घेऊन येणार हाय का?"

वॉर्डातल्या घराघरात हेच चाललं होतं. गल्ल्या वाहिल्या, टाकी रिकामी झाली आणि चढावरच्या रेवणप्पांच्या नळातून नुसती हवा आली. मुख्याधिकाऱ्यांनी वर्षाराणीला बोलावून शांतपणे सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत चढावर पाणी चढलं नाही तर पुन्हा आठवड्याचा नळ. तिनं पत्रकं वाटली, रिक्षावर भोंगा लावून फिरवला. लोकांनी भोंगा ऐकत ऐकत ड्रम भरले. तिला रडू यायचं बाकी होतं, आणि त्याहून जास्त राग आला होता, तोही घरातल्या माणसाचा.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळापुढं सप्त्याचा मांडव पडू लागला. पंगतींसाठी दरवर्षी घराघरातून थोडेफार ड्रम मागून आणायची रीत होती. सप्त्याची सगळी व्यवस्था रामकिशन बघायचे. वर्षाराणी त्यांच्याकडं गेली.

"काका, यंदा ड्रम जरा जास्त गोळा करा."

"किती?"

"तीन नंबरच्या वॉर्डातले सगळे."

"ताई, एवढ्या ड्रमात अख्खा तालुका जेवून हात धुईल."

"भरू नका. मांडवामागं पालथे घालून ठिवा."

रामकिशन तिच्याकडं बघत राहिले आणि मग उपरणं तोंडावर धरून पोटभर हसले.

देवाच्या कामाला ड्रम नाही म्हणणारं घर कौठाळीत सापडायचं नाही. साखराबाईंनी तर सगळ्यांच्या आधी दिले, तेही घासूनपुसून, वर आपलं नाव रंगवून.

दुसऱ्या सकाळी नळ आले. बाईंनी कळशा भरल्या, घागर भरली, कुकर भरला. मग भरायला काही उरलंच नाही. कालचं पाणी ओतताना कधी न हललेला त्यांचा जीव ताजं पाणी मोरीत जाताना बघून कासावीस झाला. शेवटी त्यांनी तोटी फिरवली. चालू नळ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हातानं बंद केला. जरा वेळानं उघडून बघितला. पाणी येत होतं. पुन्हा बंद केला.

तासाभरात वर्षाराणीला रेवणप्पांचा फोन आला. "म्याडम, माझ्या नळाला पाणी यायलंय."

"बरं झालं. काही अडचण?"

"न्हाई. बघत बसलोय."

सप्ता पार पडेपर्यंत टाकी एकदाही रिकामी झाली नाही. पण ड्रम परत येणार होते, आणि वर्षाराणी तेच दिवस मोजत होती. त्यात काल्याच्या दिवशी रामकिशन पंगतीत रंगात येऊन साखराबाईंसमोर सगळं बोलून गेले.

बाई घरी आल्या. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर म्हणाल्या, "वर्षा, देवाचं नाव सांगून सासूचे ड्रम नेलेस."

"हाव, मामी. चुकलं माझं."

"चुकलं का न्हाई ते उद्या बघू."

सकाळी टेम्पो आला आणि दारोदार ड्रम उतरवून गेला. मागोमाग नळ आले. वर्षाराणीला टाकीवर जायचं होतं, पण तिचा पाय उंबऱ्यातून निघेना. साखराबाईंनी घागर भरली, कळशी भरली. एक ड्रम नळाखाली ओढला. त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग तोटी बंद करून आत गेल्या आणि इरकली लुगडं नेसून, पिशवी घेऊनच बाहेर आल्या.

"बिलोलीला जाऊन येते, इमलकडं."

"आज? आज नळाचा..." वर्षाराणीच्याच तोंडून निघालं.

"रोजच हाय की. तूच म्हणतेस."

नळ चालू असताना साखराबाई एस.टी. स्टँडकडं निघाल्या, हे अख्ख्या गल्लीनं पाहिलं. ड्रमाला हात घातलेल्या बायका तशाच वाकून बघत राहिल्या. भोंग्यानं जे झालं नव्हतं ते त्या पिशवीनं केलं. एकेक करत तोट्या बंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी बिलोलीहून फोन आला.

"नळ आले का?"

"आले, मामी."

"अन् चढावर?"

"तिथंबी आले. रेवणप्पा आता फोन करायचं इसरले."

पलीकडं विमलमावशी मागून कुणाला तरी चहा टाकायला सांगत होत्या.

"मग दोन दिस ऱ्हाते," साखराबाई म्हणाल्या. "पोराच्या लग्नाला आले न्हाई म्हून इमल अजून बोलायलीय. समदं ऐकून घेऊनच येते."