डोईची बाटली

आमच्या ब्रेपोंसो गावात राजा कुणाशी थेट बोलत नाही आणि राजाशीही कुणी थेट बोलत नाही. मध्ये मी असतो. मला ओचामे, म्हणजे राजाचं तोंड, म्हणतात. नाना ट्वुमासी, म्हणजे आमचे राजे, माझ्या कानात पुटपुटतात. मी ते शब्द धुऊन-पुसून, दोन म्हणी लावून गावापुढे ठेवतो. नाना म्हणतात, "याला घालव रे, डोकं उठवलंय मेल्यानं." मी काठी टेकून म्हणतो, "नाना म्हणतात, पाहुण्याला लांब जायचं आहे, ऊन चढायच्या आत निघालेलं बरं." नाना माझ्याहून लहान आहेत, पण तोंड वापरायची त्यांना सवय राहिलेली नाही. सगळी झीज माझ्या तोंडाची होते.

अशा या गावात प्रॉफेट जोएल अद्दाय आला तो लाउडस्पीकर घेऊन. त्याचं शहरात मोठं चर्च आहे आणि यंदा तो निवडणुकीला उभा होता. निकाल लागायचा होता, तरी त्याची माणसं त्याला आतापासूनच ‘ऑनरेबल’ म्हणत होती. आधीचे उमेदवार रस्ता देतो म्हणायचे, नळ देतो म्हणायचे आणि मग तोंडावर पडायचे. हा हुशार निघाला. रस्त्याला डांबर लागतं, पापाला नुसतं बोट दाखवलं की भागतं. त्यानं बोट दाखवलं ते नेमकं माझ्या घराकडे.

माझ्या बहिणीची मुलगी पोकुआ. बहीण गेली. आमच्यात वंश आईकडून चालतो, तेव्हा पोकुआला बाप असला तरी तिचा खरा वाली मामा, म्हणजे मी. आमच्या आवारात मागल्या बाजूला तिची पावाची भट्टी आहे. भट्टी दोघींची, तिची आणि मान्साची. मान्सा समुद्राकडची, फांटी जमातीची, उंच, हसली की शेजारच्या कोंबड्या उडतात. दोघींची खोली एक, खाट एक, मच्छरदाणी एक. गावाला हे ठाऊक होतं का? गावाला जसं ठाऊक असतं तसं होतं, म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. माझ्यासकट सगळे मूग गिळून पाव खात होतो.

प्रॉफेटनं रविवारी मैदानात जाहीर केलं, की या दोन बायकांमुळे गावावर देवाचा कोप आहे. नानांनी त्यांना हद्दपार करावं. आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणाला, की निवडून आल्यावर राजवाड्याला तो नवं छप्पर घालून देईल. आमच्या राजवाड्याचे पत्रे असे, की पावसाळ्यात नाना मांडीवर बादली घेऊन न्यायनिवाडा करतात. त्यामुळे नानांचं घोडं कुठे अडलं होतं ते मला दिसत होतं. त्याच संध्याकाळी कुणीतरी भट्टीवर दगड मारले. मान्सानं ते गोळा करून चुलीच्या कडेला रचले.

पोकुआ माझ्याकडे आली. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

"मामा, आम्ही कुठे जाणार नाही. आता तू बोल."

"हे बघ पोरी, नदीला पूर आला की शहाणा मासा—"

"म्हण नको. गावभर दुसऱ्यांचं बोलत फिरतोस. घरचं कधी बोलणार?"

मी खोकलो. खोकला हा ओचामेचा दुसरा धंदा आहे.

शुक्रवारी सकाळी झाडाखाली सभा भरली. नाना छत्रीखाली, वडीलधारी मंडळी बाकावर, समोर गाव. मान्सा आणि पोकुआ एका बाजूला उभ्या होत्या आणि मान्साच्या पायाशी तिची पिशवी भरून ठेवलेली होती.

प्रॉफेट उठला, माईक घेतला आणि नानांकडे तोंड करून सरळ बोलायलाच लागला. देव, सैतान, युरोपातून आलेला रोग, आपली मुलं, आपली संस्कृती. बोलता बोलता घामाघूम झाला. नाना झाडावरच्या वटवाघळांकडे बघत होते. तो थांबल्यावर ते माझ्या कानाशी आले.

मी काठी टेकली. "नाना विचारतात, कुणी काही बोललं का?"

गाव खदखदून हसलं. प्रॉफेट शहरातच वाढलेला, त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ओचामेच्या तोंडून न गेलेलं बोलणं राजाच्या कानात शिरत नाही. उलट थेट बोलल्याबद्दल एक मेंढा दंड बसतो. आमच्याकडे म्हणतातच, पाहुण्याचे डोळे मोठे, पण त्याला दिसत नाही. मेंढ्याचं कबूल करून त्यानं सगळं पुन्हा मला सांगितलं, आणि मी नानांकडे वळून म्हटलं, "प्रॉफेट म्हणतात, गावात एक घर आहे, ते त्यांना आवडलेलं नाही."

"मी असं म्हणालो नाही," प्रॉफेट म्हणाला.

"जरा नीटनेटकं केलं."

"मग हे सांगा. हे बायबलला सोडून आहे, आणि आपल्या रिवाजालाही. बापजाद्यांच्या रिवाजात याला लग्न म्हणत नाहीत."

बाकावरची म्हातारी मंडळी सावरून बसली. बायबलमध्ये ती तोंड घालत नाहीत, पण रिवाज ही त्यांची शेती आहे. नाना पुन्हा माझ्या कानाशी आले.

"ती मान्सा पोकुआची कोण लागते, विचार. पोकुआच्या घराण्याचा वडील कोण?"

"मीच, नाना."

"दुसरा ओचामे कुठाय?"

"मोतीबिंदू काढायला कुमासीला गेलाय."

नानांनी उसासा टाकला. "मग तूच तुला विचार."

आता ओचामेची काठी हातात असताना मी नानांचा. घराण्याचा वडील म्हणून बोलायचं तर काठी ठेवायला हवी. मी घराण्याच्या बाकाकडे तोंड केलं, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं, आणि मोठ्यानं स्वतःलाच हाक मारली, "अम्पोफो, घराण्याच्या वडिला, नाना विचारतात, मान्सा तुमच्या मुलीची कोण?" मग काठी झाडाला टेकवली, चालत बाकापाशी गेलो, बसलो, पुन्हा उठलो, कारण राजापुढे बसून उत्तर देत नाहीत.

"आता तुझंच उत्तर तुला ऐकू येईल का रे?" ओपानिन कुसी बाकावरून म्हणाले. ओपानिन आम्ही वडीलधाऱ्याला म्हणतो; ते आमच्यात सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात आगाऊ.

मी म्हटलं, "ओचामे, नानांच्या कानी घाल. ज्या वर्षी मान्सा समुद्राकडून आली, त्या वर्षी तिनं जिनच्या दोन बाटल्या आणल्या. माझ्या हातात दिल्या. मी जमिनीवर धार सोडली, पितरांची नावं घेतली आणि उरलेली जिन साक्षीदारांनी प्यायली. साक्षीदार समोर बसले आहेत."

"पहिली बाटली चांगली होती," कुसी म्हणाले. "दुसरीत पाणी होतं."

पुन्हा काठीपाशी आलो, काठी उचलली आणि माझंच बोलणं नानांना सांगितलं. गुडघे बोलायला लागले होते, पण गाव इतकं खूश होतं की पोरं झाडावर चढली. आमच्याकडे लग्नाला ना पाद्री लागतो, ना कागद. मुलीच्या घराण्याच्या वडिलाच्या हातात बाटली द्यायची, पितरांना पाजायची, साक्षीदारांनी प्यायची. तिला डोईची बाटली म्हणतात. ती रिचली की लग्न लागलं.

प्रॉफेटच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "पण ती बाई आहे."

मी म्हटलं, "रिवाज एवढंच विचारतो की बाटली कुणी आणली आणि कुणी प्यायली. आणणाऱ्याच्या लुगड्याआत काय आहे हे विचारण्याइतके आमचे बापजादे असभ्य नव्हते."

बायका इतक्या हसल्या की छत्री धरणाऱ्याचा हात हलला. खरं सांगायचं, तर त्या दिवशी मान्सानं पाहुणी म्हणूनच बाटल्या दिल्या होत्या. पण धार सोडताना मी पोकुआचं तोंड पाहिलं होतं. नव्या नवरीचंच तोंड होतं ते. म्हणून ओठांवर आपसूक लग्नाचेच शब्द आले आणि मी ते गिळले नाहीत.

माणूस मूर्ख असला की बरं असतं. प्रॉफेट मूर्ख नव्हता. त्यानं घाम पुसला आणि हळू आवाजात, या वेळी माझ्याच मार्फत, म्हणाला, "ठीक. मग रिवाजानंच मोडा. बाटल्या परत केल्या की लग्न मोडतं ना?"

मोडतं. बाकावर कुणी हसेना. घराण्यानं मान्साला परत करायच्या बाटल्या आणायला प्रॉफेटनं ड्रायव्हरला दुकानात पिटाळलं, आणि थोड्याच वेळात दारूवर आयुष्यभर प्रवचनं झोडलेला हा देवमाणूस दोन्ही हातांत जिनच्या बाटल्या धरून उभा राहिला. पंचवीस-तीस मोबाइल वर झाले. त्याला पर्वा नव्हती.

नाना माझ्या कानाशी आले. मग म्हणाले, "छप्पर फार गळतंय रे अम्पोफो." आणि थोड्या वेळानं, "घराण्याला विचार. मोडायचं का."

मला राग आला. आयुष्यभर त्यांचे शब्द मी वाहिले, आणि आज त्यांनी स्वतःचा निवाडा माझ्या डोक्यावर ठेवला. पण विचारणं भाग होतं. रिकाम्या बाकाला विचारलं, काठी टेकवली आणि बाकाकडे निघालो. वाटेत प्रॉफेट माझ्या शेजारी चालायला लागला.

"ओपानिन," तो खरंच मायेनं म्हणाला, "तुमची पोर तुमचीच राहील. भट्टी राहील. फक्त दुसरी जाईल. एक ‘हो’ म्हणा, घराण्याचं नाव सुटेल यातून."

सौदा वाईट नव्हता, हेच वाईट होतं. बाकापाशी मी वळलो. पोकुआ माझ्याकडे बघत नव्हती. ती खाली वाकून मान्साची पिशवी आपल्या पायांमागे सरकवत होती, कुणाला दिसू नये अशी. मान्सा पहिल्यांदाच हसत नव्हती. मला सगळ्या म्हणी आठवल्या, नदीच्या, माशाच्या, गरुडाच्या, आणि त्यातली एकही कामाची नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

काठीपाशी परत आलो. आता हे नानांना सांगायचं, आणि ओचामेनं साधा शब्द तसाच पुढे केला तर ती लाज समजतात. मी तोंड उघडलं. त्या शब्दाला लावण्यासारखं काही सापडेना.

"घराणं म्हणतं, नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर झाडाकडे. "उठतो मी," ते म्हणाले. ढोल वाजले. राजा उठला की सभा संपते आणि माईकसुद्धा गप्प बसतो. प्रॉफेट बाटल्या घेऊन तसाच उभा होता. पाहुण्याला भरल्या हातानं परत पाठवणं कुसींना पटलं नाही; त्यांनी दोन्ही बाटल्या काढून घेतल्या.

प्रॉफेट निवडून आला. आसपासच्या गावांत ओचामे इतके हट्टी नाहीत. आता तो राजधानीत बसून असल्या बायकांना तुरुंगात टाकायचा कायदा करू म्हणतो. तिथे म्हणे सगळे थेटच बोलतात, म्हणून तर देशाची ही दशा आहे. मला भीती वाटते, आणि मी रोज संध्याकाळी भट्टीच्या दाराला स्वतः कुलूप लावतो. राजवाड्याचं छप्पर गळतं आहे. नानांनी मोठी बादली आणवली.

दंडाचा मेंढा शिजला त्या दिवशी मान्सानं मला वाढलं आणि समोर बसली.

"ओपानिन, रिवाज अर्धाच झालाय. तुमच्याकडचे प्यायले. माझ्याकडच्यांना कुणी सांगितलंय?"

"तुझ्याकडे कोण आहे?"

"आई. तिकडे समुद्राकडे, अनोमाबोला. चर्चची मोठी कार्यकर्ती. मी निघाले तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. प्रॉफेट तिच्यापुढे कोकरू."

"मग असू दे की, कशाला—"

"मामा," पोकुआ म्हणाली, "गावापुढे न विचारता लग्न लावून मोकळा झालास. आता जा."

तर मी गेलो. जिनची बाटली मांडीवर घेऊन ट्रोट्रोत, म्हणजे आमच्या वडाप गाडीत, बसलो, आणि वाटभर वाक्यं जुळवली. अशी सुंदर वाक्यं मी नानांसाठीही कधी केली नव्हती. घर समुद्राजवळ होतं. दारात एक उंच म्हातारी उभी होती, केस पांढरे शुभ्र, मान्साचंच नाक. तिनं बाटलीकडे पाहिलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग कशासाठी आलात ते विचारतात. हिनं पाणी दिलं नाही.

"कोण तुम्ही?"

"मी ब्रेपोंसोच्या नाना ट्वुमासींचा ओचामे. गरुड जेव्हा समुद्राकडे—"

"कुणाचं तोंड आहात ते नाही विचारलं. तुम्ही कोण?"

समुद्राचा आवाज येत होता. माझ्याकडे काठी नव्हती.

"तुमच्या मुलीच्या बायकोचा मामा," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. दार लावील असं वाटलं, आणि तिचा हात दाराकडे गेलाही. मग ती आत गेली, आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली.